हापूसला कोरफड-डिंकाचं कोटिंग लावलं आणि आंब्यांना ताडीचा वास आला – कुणी केलंय का हे?

कलमांचा_मालक
नमस्कार मंडळी, राजापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित सव्वाशे-दीडशे हापूसची कलमं आहेत, मी स्वतः पुण्यात नोकरीला, एप्रिल-मेमध्ये रजा टाकून गावाला जातो आणि दलालाकडे न देता ओळखीच्या लोकांना पेट्या पाठवतो. पुण्या-मुंबईला काही त्रास नाही, रात्री गाडीत टाकली की सकाळी पेटी हातात. घोळ होतो नागपूर-अमरावतीच्या गिऱ्हाइकांचा. तिकडे पोचायला तीन-चार दिवस, वर ४४ डिग्री ऊन, पेटी उघडेपर्यंत निम्मे आंबे पिकून मऊ, दोन-चार गळलेले, आणि फोटो येतात व्हॉट्सॅपवर.

तर मावसभावाने एक व्हिडिओ पाठवला, फळाला खाण्यायोग्य कोटिंग लावलं की आठ-दहा दिवस जास्त टिकतं म्हणून. म्हटलं करून बघू, घरचंच सामान आहे. परसातली कोरफड, तिचा गर मिक्सरला लावला, त्यात लाडवासाठी आणलेला डिंक भिजवून घातला, मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन थोडं. आंबे धुतले, बुडवले, सुकवले. पहिला थर फारच पातळ वाटला म्हणून अजून एकदा बुडवले (इथेच माती खाल्ली बहुतेक). चार डझन कोटिंगवाले, दोन डझन तसेच, दोन्ही माळ्यावर गवतात.

नवव्या दिवशी साधे आंबे पिवळे, घमघमाट. कोटिंगवाले हिरवेगार नि टणक, मी खूष, बायकोला म्हटलं बघ आता नागपूर काय दिल्लीला पाठवतो. चौदाव्या दिवशी एक कापला. साल अजून हिरवट, आत गर मऊ पण फिक्कट, आणि वास? सरळ ताडी. सहा-सात आंब्यांना देठाशी काळं पडलेलं. तीन डझन गाईला घातले, तिनेही दोनदा हुंगून मग खाल्ले.

चुकलं कुठे? का हा प्रकारच फालतू आहे?

पन्हं_प्रेमी
गाईला कशाला घातलेत, गोव्याला पाठवायचे, काजूची फेणी असते तशी आंब्याची म्हणून विकली असती 😄
बाकी काही माहीत नाही, वाचतोय.

लॅबमधला_उंदीर
मालक, तुमचा प्रयोग फसला नाही, गरजेपेक्षा जास्त यशस्वी झाला. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलोय आणि एम.एस्सी.च्या वेळी दोन वर्षं पेरू नि पपईला हेच लावत बसलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आंबा तोडला तरी जिवंत असतो, श्वास घेतो. सालीवर ते बारीक ठिपके दिसतात ना, त्यातून आणि देठाच्या जागेतून ऑक्सिजन आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, पाणीही उडतं. आंबा, केळं, चिकू, पपई, सीताफळ ही तोडल्यावर पिकणारी फळं, त्यांच्यात एका टप्प्याला इथिलीन वायू सुटायला लागतो आणि श्वसन एकदम चढतं, मग रंग, गोडी, मऊपणा सगळं धाडधाड होतं. कोटिंगचं काम काय, तर ती भोकं अर्धवट बुजवायची. आत ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त, की इथिलीनचं काम मंदावतं आणि पिकणं लांबतं. म्हणजे फळाला ब्रेक लावायचा, हँडब्रेक ओढून गाडी चालवायची नाही.

तुम्ही दोन थर दिलेत. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, तो आत फारच कमी झाला की फळाच्या पेशी बिनऑक्सिजनच्या मार्गाला लागतात, यीस्ट जसं साखरेचं अल्कोहोल करतं तसंच, आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड मग इथेनॉल. ताडीचा वास तो. साल हिरवी राहिली कारण हरितद्रव्य मोडून पिवळा रंग वर यायची प्रक्रिया पण अडकली. बाहेरून कच्चा, आतून आंबलेला, हे जाड कोटिंगचं अगदी ठरलेलं लक्षण आहे, आमच्या लॅबमध्ये पपईचं हेच व्हायचं आणि सर आम्हालाच वास घ्यायला लावायचे.

दुसरं म्हणजे कोरफडीचा कच्चा गर. शोधनिबंधांमध्ये जो वापरतात तो गाळलेला, गरम करून जंतू मारलेला असतो, आणि सालीलगतचा पिवळा कडू चीक पूर्ण काढलेला. मिक्सरमधून थेट लावला की बुरशीला आयतं जेवण. देठाशी काळं पडलं ती देठकूज, तिची बुरशी बागेतूनच फळाबरोबर येते आणि फळ पिकायला लागलं की डोकं वर काढते. कोटिंगखाली ओल राहिली असणार.

आणि डिंक. डिंक, स्टार्च, सेल्युलोज असल्या गोष्टींचा पापुद्रा ऑक्सिजनला चांगला अडवतो पण पाण्याच्या वाफेला नाही. मेणाचं उलट, वाफेला अडवतं. म्हणून धंद्यात जे कोटिंग वापरतात ते बहुतेक वेळा मेण नि असला एखादा पापुद्रा यांचं मिश्रण असतं. कोकणातल्या मेच्या दमट हवेत नुसता डिंक-ग्लिसरीन सुकतच नाही नीट, चिकचिक राहते. खरं ना?

कलमांचा_मालक
अगदी खरं! गवताच्या काड्या चिकटलेल्या होत्या आंब्यांना, मला वाटलं तेवढं चालायचं.

सुमनताई
आमच्या लहानपणी आई गव्हाला एरंडेल चोळायची, डाळीला पण, वर्षाचं धान्य डब्यात, एक किडा व्हायचा नाही. लिंबांना खोबरेल चोळून ठेवली की महिनाभर रसरशीत राहतात हे मी अजून करते. म्हणजे हे कोटिंगच झालं की, नवीन काय शोधलं मग?
पण एक सांगा, बाजारात सफरचंदावर सुरी फिरवली की पांढरं मेण निघतं ते व्हिडिओ बघून मी सफरचंदं आणणंच बंद केलंय. आता आंब्यावर पण तेच सुरू करणार का? एक फळ तरी सुखाने खाऊ द्या.

लॅबमधला_उंदीर
सुमनताई, लिंबाचं तुम्ही करता ते बरोबरच आहे, लिंबू तोडल्यावर पिकत नाही, त्याचा प्रश्न फक्त पाणी उडण्याचा, तेल ते अडवतं. विदर्भात संत्र्याला वॅक्सिंग करतात तेही त्याचसाठी. आंब्याला असं खोबरेल चोपडाल तर मालकांसारखंच होईल.

मेणाबद्दल: सफरचंदावर मुळातच स्वतःचं मेण असतं. हापूसवर पण ती पांढुरकी भुकटी असते बघा, हात लावला की पुसली जाते, तीही त्याचीच. फळ धुताना हे निघून जातं म्हणून पॅकिंगवाले वरून देतात. आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांत ताज्या फळांसाठी नावानिशी तीन मेणांना परवानगी आहे, मधमाशीचं मेण, कार्नोबा आणि शेलॅक, आणि कुठलं लावलंय ते लेबलवर लिहायचं. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवर तेच असतं, तुम्ही खाल्लंच असणार. पेट्रोलियमपासून काढलेलं मेण किंवा खनिज तेल चोपडणं हा वेगळा प्रकार, ते चालत नाही. आता गाडीवरचा माणूस नेमकं काय लावतो हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, पण म्हणून मेण शब्द ऐकला की विष, असंही नाही.

मला विचाराल तर घाबरायचंच असेल तर आंबे पिकवायच्या कार्बाइडला घाबरा. त्यावर बंदी आहे तरी पुड्या सापडतात. त्यातून निघतो अ‍ॅसिटिलीन, आणि त्यात आर्सेनिक-फॉस्फरसची भेसळ असते. इथिलीन वायूने पिकवायला रीतसर परवानगी आहे, १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग).

रावेरचा_भाऊ
आमच्याकडं केळी. एक्स्पोर्टच्या मालाला घड उतरवला की फण्या वेगळ्या करून तुरटीच्या पाण्यात टाकतात, चीक निघून जातो, मग पुसून, वजन करून, पिशवीत, आणि थेट १३-१४ डिग्रीला. १३ च्या खाली गेलं की साल काळी पडते, मग कितीही इथिलीन द्या, पिवळं येतच नाही धड. त्यामुळं आम्ही कोटिंगबिटिंग काही करत नाही, आमचं सगळं टेम्परेचरवर. पण मागं एका ट्रेनिंगला सरांनी सांगितलं होतं की मलेशियात केळ्याला डिंक नि कायटोसान लावून चांगले रिझल्ट आलेत. हे कायटोसान काय प्रकरण आहे भाऊ? आणि डिंक म्हंजे आपला बाभळीचाच ना?

लॅबमधला_उंदीर
भाऊ, बरोबर ऐकलंत. मलेशियातल्या त्या कामात १० टक्के अरेबिक गम आणि १ टक्का कायटोसान होतं. अरेबिक गम बाभळीच्याच भाऊबंदातल्या झाडाचा, सुदानकडून मोठ्या प्रमाणावर येतो. आपला लाडवातला डिंक त्याच कुळातला पण दर पुडीला वेगळा निघतो, त्यात साल-माती असते, म्हणून प्रमाण जमत नाही.

कायटोसान म्हणजे कोळंबी-खेकड्याच्या टरफलातून काढलेला पदार्थ. टरफलात कायटिन असतं, त्यावर अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान. साध्या पाण्यात विरघळत नाही, पातळ अ‍ॅसेटिक आम्लात विरघळतं, म्हणजे व्हिनेगरसारख्या पाण्यात. त्याची गंमत अशी की ते नुसता पापुद्रा करत नाही, बुरशीलाही रोखतं, धनभारित असतं त्यामुळे बुरशीच्या पेशींचं आवरण बिघडवतं. आंब्याच्या करप्यासाठी (काळे ठिपके पाडणारा बुरशीचा रोग) म्हणूनच त्यावर इतकं काम झालंय.
पण वर सांगितलेल्या तीन मेणांच्या यादीत ते नाही, त्यामुळे विकायच्या मालाला लावण्याआधी नियम नीट बघा.

शाह_वाशी
थांबा थांबा. कोळंबी??? आमच्या घरी कांदा चालत नाही आणि तुम्ही आंब्याला कोळंबी लावणार? मी दर वर्षी तीस पेट्या घेतो नातेवाइकांसाठी, पुढच्या वर्षी प्रत्येक बागायतदाराला विचारावं लागेल का आता? आणि शेलॅक म्हणजे ती बांगड्यांची लाख ना, ती पण किड्यापासूनच.

लॅबमधला_उंदीर
शाहभाई, विचारावंच लागेल, आणि विचारायलाच पाहिजे. लाख किड्याचीच, कुसुम-पळस-बोरीच्या फांद्यांवर तो स्रवतो, आपल्या देशात झारखंडात सगळ्यात जास्त, रांचीला १९२४ पासून लाखेची संशोधन संस्था आहे. तुम्हाला चालेल असं म्हणजे कार्नोबा, ते झाडाचं. कायटोसान बुरशीपासूनही काढतात, ते कोळंबीमुक्त. लेबलवर फक्त 'खाण्यायोग्य कोटिंग' एवढंच लिहून भागवणं मला पटत नाही, कशापासून ते लिहा की राव.

आमराई_रत्नांग्री
अवांतर: आमच्या बंदरावर कोळंबी सोलायच्या शेडबाहेर टरफलांचा जो वास सुटतो त्यातून हापूस टिकवायचं औषध निघतं हे वाचून मला भरून आलंय. एकाच तालुक्यात दोन्ही आहे आणि आम्ही टरफलं टाकून देतो.

टोरंटोची_माधुरी
इथे अ‍ॅव्होकाडोवर अपील नावाचं कोटिंग यायचं, कॅलिफोर्नियातली कंपनी, २०१२ ला सुरू झालेली. ते म्हणे वनस्पती तेलातल्या मोनोग्लिसराइड-डायग्लिसराइडपासून बनवतात, ब्रेड-आइस्क्रीममध्ये असतात तेच. सुरुवातीला गेट्स फाउंडेशनचं अनुदान होतं, मग काय, २०२३ मध्ये आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर महिनाभर फॉरवर्ड, विष आहे, धुतलं तरी जात नाही. आणि पुरावा म्हणून जो सेफ्टीचा कागद फिरत होता तो निघाला इंग्लंडमधल्या त्याच नावाच्या फरशी-ओटा पुसायच्या लिक्विडचा! आमच्या एका काकांनी तरीही फणस सोडून सगळी फळं बंद केली होती, फणसाला जाड साल असते म्हणून.
हापूस इथे मिळतो पण डझनाचा भाव सांगत नाही, आईला हार्ट अटॅक येईल.

देवगडचा_आप्पा
सगळं वाचलं. अरे बाबांनो, चर्चा कोटिंगची चाललीय आणि आंबा कधी उतरवला हे एकानेही विचारलं नाही. मालक, आंबे किती आण्याचे होते, म्हणजे सोळा आणे पूर्ण तयार धरलं तर किती तयार?

कलमांचा_मालक
आप्पा, खरं सांगू? गडी मिळाला त्या दिवशी सरसकट उतरवले. काही चौदा आणे, काही बारा पण असतील. आणि दुपारी.

आप्पा
मग झालं. बारा आण्याचा आंबा कोटिंग न लावताही धड पिकत नाही, सुरकुततो नि फिका राहतो, त्याला वरून बुजवलंत तर तो करणार काय? चौदा आण्याचाच काढायचा, खांदे भरलेले, देठाशी खळगा पडलेला. सकाळी उन्हाच्या आत. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठ ठेवून, मग सावलीत आणून देठ कापून उलटा ठेवायचा, चीक गळून जाऊ दे, चीक सालीवर पडला की तिथे भाजल्यासारखा डाग. चाळीस वर्षं वडील नि मी हेच करतोय. कोटिंगच्या आधी निदान एवढं करा.

आणि साक्याचं काय? वरून सोन्यासारखा नि आत पांढरा-स्पंजी, त्याला तुमचं कुठलं कोटिंग चालणार? उलट गिऱ्हाईक म्हणेल कोटिंगनेच झालं. ते झाडावरच होतं.

लॅबमधला_उंदीर
आप्पांना दंडवत. साक्याला कोटिंगचा काडीचा उपयोग नाही, १००% सहमत.
मालक, परत करणार असाल तर एक सुचवतो. आधी गरम पाणी. करप्यासाठी ५२ अंशाच्या पाण्यात १० मिनिटं ही जुनी पद्धत आहे, थर्मामीटरशिवाय करू नका, पाणी जास्त तापलं की साल भाजते आणि मग सगळंच गेलं. नंतर गार करून पूर्ण कोरडे. मग एकच थर, इतका पातळ की लावलाय हे दिसू नये, पंख्याखाली सुकवायचे. आणि कोटिंग न लावलेले सोबत ठेवा, वजन करा रोज, नाहीतर नुसतं 'मला वाटतं' होतं.

फ्रीजचा मोह नको, १२-१३ अंशाच्या खाली हापूसला थंडी बाधते, साल करडी पडते आणि बाहेर काढल्यावर चव येत नाही.

पन्हं_प्रेमी
रोज आंब्याचं वजन. वहिनींचा नंबर द्या, सांत्वन करतो.

कलमांचा_मालक
(तीन आठवड्यांनी) अपडेट देतोय, उशीर झाला, शेवटची तोड चालू होती.

या वेळी आप्पांचं ऐकून सकाळी सात ते साडेनऊ एवढ्यातच उतरवले, स्वतः निवडून चौदा आणेच. सहा डझनांचे तीन भाग. पहिला काहीच नाही. दुसरा फक्त गरम पाणी. तिसरा गरम पाणी आणि वर कार्नोबाचं तयार फूड ग्रेड इमल्शन, डब्यावर लिहिल्याप्रमाणे पाणी घालून, स्पंजने एकदाच. कोरफड-डिंकाचं नावही नाही काढलं. पाणी तापवायला भात शिजवायचा मोठा टोप आणि थर्मामीटर, ५२ वर धरून ठेवणं म्हणजे परीक्षा, लाकूड ओढा लाकूड ढकला, शेवटी गॅसच आणला.

काय झालं ते सांगतो. पहिल्या भागातल्या बारा-तेरा आंब्यांवर पिकताना काळे ठिपके आले, गरम पाण्याच्या दोन्ही भागांत मिळून तीन. म्हणजे खरी कमाल पाण्याची. पण नुसत्या गरम पाण्याचे एक दिवस आधीच पिवळे झाले, हे मला अपेक्षित नव्हतं. कार्नोबाचे साध्यांपेक्षा साधारण दोन-अडीच दिवस मागे, रंग पूर्ण आला, साल तुकतुकीत, सुरकुती नाही, वजन पण सगळ्यात कमी घटलं. आठ-दहा दिवस वगैरे काही नाही. ताडीचा वास अजिबात नाही. चव चांगली, पण आईला डोळे मिटून तीन फोडी दिल्या तर तिने बिनकोटिंगचा बरोब्बर ओळखला, म्हणाली याचा वास खोलीत आधी आला. मला फरक कळला नाही, बायकोला किंचित कळला.

मग दोन पेट्या नागपूरला धाडल्या, एक कोटिंगची एक साधी, दोन्हीवर तसं लिहून, मेणाच्या नावासकट. चौथ्या दिवशी पोचल्या. साध्यातले पाच गळलेले, कोटिंगवाल्यातला एक. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाला साधीच पेटी रात्रीच्या बसने पुण्यापर्यंत आणि तिथून परत रात्रीच्या बसने नागपूरला पाठवली, दुपारचं ऊन लागूच दिलं नाही, त्यात पण एकच खराब. आता बोला.

लॅबमधला_उंदीर
फळ गरम केलं की पिकणं जरा पुढे सरकतं, म्हणून तो एक दिवस. आणि वासाचं आईंनी ओळखलं ते पटतं, पिकणं दाबलं की सुगंधाची द्रव्यं पण कमी तयार होतात, हापूसमध्ये तर सगळी किंमत त्याचीच. माझ्या पेरूंना हे कुणी सांगितलं नव्हतं कारण आमच्याकडे चव घ्यायला एकही आई नव्हती.
बसचं निरीक्षण भारी आहे. १० अंशाने तापमान चढलं की श्वसन साधारण दुप्पट-तिप्पट, त्यापुढे मेणाचा पापुद्रा काय करणार.

आप्पा
बसवाला दोन पेट्यांचे घेतो किती?

कलमांचा_मालक
पेटीला ट्रान्सपोर्टच्या दीडपट. पण इमल्शनचा डबा, गॅस आणि दोन माणसांचा अर्धा दिवस धरला तर फरक फार राहत नाही. पुढच्या वर्षी मुंबई-पुण्याच्या पेट्यांना कोटिंग नाही, नुसतं गरम पाणी. नागपूरवाल्यांना विचारणार, कोटिंग हवं की रात्रीची बस, ज्याला जे परवडेल.

शाह_वाशी
माझ्या तीस पेट्या बिनकोटिंगच्या. आणि गरम पाण्याच्या टोपात आधी काय शिजवलं होतं ते पण लिहा प्लीज.

कलमांचा_मालक
शाहभाई, नवीन टोप घेतो.

सुमनताई
मला एक पेटी, आईंनी ओळखला त्यातली.

रावेरचा_भाऊ
मालक तो कार्नोबाचा डबा उरला असेल तर दोन फण्यांना लावून बघतो, पाठवता का? रात्रीच्या बसनेच पाठवा 😀